पन्नाशीपुढचा गट

लता तायडेला माणसं आधी हाडांवरून ओळखू यायची, मग नावावरून. गोरेगाव पूर्वेच्या एका लहानशा हॉस्पिटलात ती एक्स-रे काढायची, आणि हेच काम करता करता तिची पन्नाशी उलटली होती. हाडातली फट तिला झटकन दिसे, पण ती पडली कशी हे काही पडद्यावर उमटत नसे, आणि लताला नेमकं तेच हवं असायचं. "कुठे पडलात? कसे पडलात? तिथे गेलाच कशाला होतात?" समोरचा कळवळत असला तरी ती विचारायचीच. डॉक्टर हसून म्हणत, "तायडेबाई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं."

रविवारी सकाळची ड्यूटी असली की एक वेगळंच गिऱ्हाईक यायचं. अंगभर लाल माती, काखेत हेल्मेट, एक हात दुसऱ्या हाताने सांभाळलेला, आणि गळ्याखालचं आडवं हाड, म्हणजे कॉलरबोन, मोडलेलं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आरेत सायकलवरून पडलो." रस्त्यावर नव्हे, आरेच्या जंगलातल्या मातीच्या वाटांवर, दगडधोंड्यांतून, उतारांवरून. याला माउंटन बायकिंग म्हणतात हे लताला या मोडक्या हाडांनीच शिकवलं.

सुरुवातीला हे सगळे एका साच्यातून काढल्यासारखे असत. तिशीतले पुरुष, पीळदार दंड, मनगटावर भारीतलं घड्याळ, बड्या कंपनीत नोकरी, सोबत गाडी घेऊन आलेला एखादा मित्र. हा पैसेवाल्या पोरांचा खेळ, अशी लताने मनाशी खूणगाठ बांधून टाकली होती. पण लॉकडाउन उठलं आणि तिची खूणगाठ सैल व्हायला लागली. एका रविवारी कॉलेजातली मुलगी आली. मग कुर्ल्याचा एक वायरमन. मग बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा, जे स्वतःच्या एक्स-रेचा फोटो काढून नातवाला पाठवत बसले. हाड तेच, माणसं मात्र बदलत चालली होती. ही तिथे शिरली कशी? कोणी बोलावलं यांना? लताच्या डोक्यात हा किडा वळवळायला लागला.

आणि एका रविवारी रुक्मिणी घाडी आली.

छप्पन वर्षांची बाई, केस अर्धे पांढरे, गुडघ्याला खरचटलेलं, आणि तोंडभर हसू. लताने हात अलगद जागेवर ठेवला. "रिक्षाने उडवलं का हो?"

"रिक्षा कसली गो! दगड चुकवूक गेलंय आणि झाडावर आपाटलंय."

"झाडावर? सायकलने?"

"मग काय बैलगाडीने? तू फोटो काढ आधी. मोडलाय ना? मोडलाच असणार. कडाक्कन आवाज इलो."

"हलू नका. श्वास रोखा," लता म्हणाली, आणि मशीनचं बटण दाबून झाल्यावर तिथेच उभी राहिली. "ताई, राग मानू नका. पण तुम्ही या वयात तिथे जाता कशाला?"

रुक्मिणी मोडका हात सांभाळत सांगायला लागली. तिचे वडील परळच्या गिरणीत होते, गिरणी गेली तसे जोगेश्वरीला आले. ती स्वतः घरात पाळणाघर चालवायची. लॉकडाउनमध्ये पोरं यायची बंद झाली आणि घर एवढं गप्प झालं की तिला भांड्यांचा आवाज सोबतीला वाटायचा. मुलगा दुबईला गेलेला, त्याची सायकल बाल्कनीत टांगलेली. एक दिवस ती खाली काढली, पुसली आणि आरेपर्यंत गेली. मग एकाने आतली वाट दाखवली. "आणि आता पाळणाघर पुन्हा चालू झालाय, तरी रविवारी कोण घरात बसणार? तुझी सुट्टी कधी असते? ये बघायला."

हात झोळीत अडकवून रुक्मिणी गेली. तिचा नंबर लताच्या मोबाइलमध्ये राहिला.

रुक्मिणीचं हाड जुळून ती पुन्हा सायकलवर बसायला लागली, तेव्हाच्या एका रविवारी लता रिक्षाने आरेत पोचली. अंगात सलवार-कमीज, हातात पर्स, जणू लग्नालाच निघाली होती. मोठ्या रस्त्यापासून आत, गवताच्या माळाच्या कडेला सायकलवाल्यांचा अड्डा होता. लताने नजर टाकली आणि तिला हॉस्पिटलची ओपीडी आठवली, इतकी तऱ्हेतऱ्हेची माणसं. पीळदार दंडवाले होतेच. पण त्यांच्या शेजारी चाकात हवा भरत उभी होती एक टपोऱ्या डोळ्यांची पोरगी, सपना. आरेतल्याच वारली पाड्यावरची.

लताने सवयीप्रमाणे सुरुवात केली. "तू कशी आलीस गं यात?"

"मी कुठे आले? हे लोक आले," सपना म्हणाली. "आमच्या अंगणातून जायचे. एकाने बाबांची वांगी तुडवली. बाबांनी वाटेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या. मग हे विचारायला आले. त्याआधी कोणी विचारलंच नव्हतं." तिचे वडील, धाकू, यांनी वाट थोडी बाजूला वळवून दिली होती, आणि सायकलवाल्यांनी पाड्यातल्या पोरांसाठी दोन जुन्या सायकली ठेवल्या होत्या. त्यातली एक सपनाने कधी परत केलीच नाही.

मिथुन नावाचा सॉफ्टवेअरवाला म्हणाला, दिवसभर खुर्चीत बसून पाठीची वाट लागली होती, म्हणून आलो. घाटकोपरची तेजल चार्टर्ड अकाउंटंट होती. ती म्हणाली, जिममधला आरसा बघून कंटाळा आला. आणि तेजलपासून थोडी लांब, गाडीच्या सावलीत, घडीच्या खुर्चीवर पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. त्या तेजलच्या सासूबाई, हंसाबेन. मुलगा बोटीवर नोकरीला, मग सुनेला एकटीला जंगलात कसं सोडणार? म्हणून दर रविवारी त्या सोबत यायच्या, थेपले वाटायच्या आणि सगळे परत येईपर्यंत रस्त्याकडे बघत बसायच्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत, इथे बिबट्या फिरतो म्हणतात?" लताने विचारलं.

"बिबट्याला पण थेपला देईन," हंसाबेन म्हणाल्या.

एक गोष्ट लताच्या लगेच लक्षात आली. इथे तिला आडनाव कोणी विचारलं नाही. विचारायचे ते सायकल कोणती. अर्थात तिला हेही कळत होतं की सायकल कोणती यावरूनही पुष्कळ काही कळतं. मिथुनच्या सायकलला पुढेमागे स्प्रिंगा होत्या. सपनाच्या सायकलचा रंगसुद्धा शिल्लक नव्हता, आणि उतारावर ती मिथुनच्या पुढे असायची.

त्या दिवशी लता नुसतं बघायला आली होती. पण रुक्मिणीने आपली सायकल तिच्या हातात दिली. "बस. माळावरच चालव."

लहानपणी बुद्धविहाराच्या अंगणात भावाची सायकल चोरून ती शिकली होती, तेवढंच. लग्न झाल्यावर हँडलला हात लावला नव्हता. ती बसली, डगमगली, आणि गवतातून घरंगळत गेली. पुढच्या चाकाखाली खडा आला की तो हाताच्या कोपरापर्यंत कळायचा. रस्त्यावरच्या सायकलला हे सांगताच येत नाही, असं तिला वाटलं. इथली जमीन बोलत होती. परत येताना ती पडलीच. पर्स एकीकडे, चप्पल दुसरीकडे.

"काय झालं, मोडलं का?" सगळे धावले.

लताने स्वतःचा गळा चाचपून पाहिला. "नाही. मला कळलं असतं."

घरी राजाराम, तिचा नवरा, जेवायला थांबला होता. तो महापालिकेच्या पाणी खात्यात, शांत माणूस, पण मातीने भरलेली सलवार बघून त्याचाही संयम सुटला. "लता, तू रोज हाडं बघतेस. तुला कळत नाही?"

"रोज बघते म्हणूनच. जुळतात हो ती."

"या वयात?"

"त्या बाईचं छप्पनाव्या वर्षी जुळलं."

मुलगा प्रबुद्ध गालातल्या गालात हसत होता. महिनाभरात त्यानेच मिथुनची जुनी सायकल आईसाठी ठरवून आणली. मिथुन नवी घेणार होता, आणि पन्नाशीतली बाई आपली सायकल चालवणार याचंच त्याला कौतुक होतं.

विहारातल्या रविवारच्या वंदनेला लता आता उशिरा पोचायची. कोपऱ्यावरच्या घरातल्या दर्शना नावाच्या बाईने एकदा बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग, आपलं कोणी असतं का गं तिथे?"

लताला हा प्रश्न खोटा वाटला नाही. तिनेही पहिल्या दिवशी मनात हेच विचारलं होतं. "असतं ना," ती म्हणाली. "मी असते."

डिसेंबरात अड्ड्यावर बातमी आली. सायकलवाल्यांचं मंडळ आरेत शर्यत घेणार होतं. सगळी जुळवाजुळव करायचा तो विकी, दाढीवाला, बडबड्या, तोंडात सतत 'यार'. पुरुषांचे वयाप्रमाणे चार गट होते. बायकांचा एकच. म्हणजे रुक्मिणी आणि लता यांनी विशीतल्या सपनाशी शर्यत लावायची.

"हे काय रे?" रुक्मिणीने विकीला धरलं. "पुरुषांचा पन्नाशीपुढचा गट आहे, आमचा का नाही?"

"काकी, पन्नाशीपुढे बायका असतात कुठे यार?"

"मी कोण आहे मग? आणि ही?"

विकीने डोकं खाजवलं. "गट करायला तीन पाहिजेत. तिघींनी शर्यत पुरी करायला पण पाहिजे, नाहीतर गट धरत नाहीत. रूल आहे, मी काय करू? तिसरी आणा, बोर्डावर लिहितो."

मग तिसरीचा शोध सुरू झाला, आणि लताला तर असं काम म्हणजे पर्वणीच. तिने बोरिवलीच्या सायकलवाल्यांना फोन लावले, मुलुंडच्या लावले. एक बाई सापडली, तिची मुलगी बाळंत होणार होती. दुसरी सापडली, ती अठ्ठेचाळीसची निघाली. "दोन वर्षं थांबा," ती म्हणाली. नर्सेसच्या खोलीत लताने चौकशी केली, तर सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती चहा घेऊन मुकाट बाहेर आली.

शर्यतीच्या आधीच्या रविवारी दोघी हंसाबेनच्या गाडीपाशी थेपले खात बसल्या होत्या. रुक्मिणी कुरकुरत होती. "एवढ्या मोठ्या मुंबईत एक बाई मिळूक नये?"

हंसाबेनने डब्याचं झाकण लावलं. "मला येते सायकल."

तेजल गर्रकन वळली. "मम्मी?"

"घाटकोपरच्या चाळीत शिकले. अकरावीत. चार गल्ल्यांत मी एकटी मुलगी होते." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तू मला कधी विचारलं का? तू मला खुर्ची दिली."

लता स्वतःवरच चरफडली. आख्ख्या मुंबईला विचारून झालं होतं, आणि दर रविवारी जिच्या हातचं खात होतो तिला सायकल येते का, एवढं विचारायचं राहिलं होतं. "वय?" तिने विचारलं.

"अठ्ठावन्न."

"विकी!" रुक्मिणी माळभर ओरडली. "बोर्ड काढ!"

हंसाबेनला चालवायला दिली पाड्यातल्या पोरांसाठी ठेवलेली दुसरी जुनी सायकल. आठवडाभर तेजल त्यांना घाटकोपरच्या बागेशेजारच्या चढावर न्यायची आणि परत येऊन फोनवर लताला सांगायची, "लताताई, मम्मी ब्रेकच लावत नाहीत. मला टेन्शन आलंय."

शर्यतीच्या सकाळी माळावर झेंडे लागले होते. राजाराम येणार नाही म्हणाला होता, पण प्रबुद्धच्या मागे उभा होता, आपण ओळखीचे नाही अशा चेहऱ्याने. वाट अशी होती, आधी माळ, मग चढ, मग पाड्याला वळसा, आणि शेवटी तो उतार, ज्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत, कारण तिथे चुकणारा थेट डॉक्टरकडेच जायचा. लताच्या हॉस्पिटलातली बहुतेक हाडं याच उताराची होती. ज्याला धीर नाही त्याच्यासाठी बाजूने लांबची सपाट वाट होती. लता आजवर नेहमी तिनेच गेली होती.

पन्नाशीपुढच्या बायकांची शिट्टी वाजली. रुक्मिणी पुढे, मागे लता, तिच्या मागे हंसाबेन, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. चढावर रुक्मिणीची चेन उतरली. ती शिव्या घालत खाली बसली आणि लता तिच्या पुढे गेली. आयुष्यात कुठल्याही शर्यतीत लता पहिली नव्हती. छाती भात्यासारखी चालत होती, मांड्या पेटल्या होत्या, पण पुढे कोणी नाही हे दिसत होतं आणि ते फार गोड होतं.

उताराच्या तोंडाशी ती थांबली, सपाट वाटेकडे वळायला. सवयीने मागे पाहिलं. रुक्मिणी वर येताना दिसली. हंसाबेन कुठे नव्हत्या.

"काय बघतेस? जा ना गो!" रुक्मिणी ओरडली.

"हंसाबेन दिसत नाहीत."

"येतील!"

पण लताला पुढे जाववेना. दया वगैरे नंतर सुचली. त्या क्षणी तिला फक्त, बाई गेली कुठे, हे कळायला हवं होतं. ती वळली. रुक्मिणी तिच्या बाजूने सुसाट निघून गेली.

धाकूच्या अंगणात हंसाबेन पाय पसरून बसल्या होत्या. पोटरीत गोळा आला होता. सपनाची आई तेल लावून पाय चोळत होती, भोवती पाड्यातल्या चारपाच बायका उकिडव्या बसून प्रश्नांवर प्रश्न विचारत होत्या. सून कोणती, मुलगा किती महिने घरी नसतो, आणि हे असं घामाघूम होऊन मिळतं काय? हंसाबेन मजेत उत्तरं देत होत्या.

"तुम्ही उठा," लता म्हणाली. "तुम्ही पोचला नाहीत तर गटच धरणार नाहीत."

"सगळे गेले गं. तू पण जा. तू तर पहिली होतीस!"

"होते. आता नाही. उठता का?"

सपनाच्या आईने हात दिला. हंसाबेन उठल्या, दोन पावलं लंगडल्या, आणि सायकलवर बसल्या. दोघी उताराच्या तोंडाशी आल्या. खाली लाल मातीची घसरण, मधे मुळं, तळाशी सुकलेला ओहोळ.

"आपण त्या बाजूने," लता म्हणाली.

"ती वाट लांब आहे का?"

"बरीच."

"मग माझा पाय नाही पोचणार," हंसाबेन म्हणाल्या, "इथून पाय मारायला नको." आणि 'जय श्री कृष्ण' म्हणून त्यांनी सायकल सोडून दिली. खरोखरच ब्रेक लावला नाही. ओढणीचं टोक हवेत फडफडलं, मुळांवर सायकल दोनदा उडाली, आणि त्या ओहोळ ओलांडून पलीकडे गेल्यासुद्धा.

लता वरती एकटी उरली. या उताराने मोडलेले खांदे न् मनगटं एकामागून एक तिच्या डोळ्यांपुढून गेली. मग तिला वाटलं, नक्की कुठे पडतात सगळे? कुठल्या जागी? तिने सायकल पुढे ढकलली. तोंडातून आपोआप निघालं, "श्वास रोखा! हलू नका!" आणि ती स्वतःच हसायला लागली. हसता हसता खाली गेली. मुळं चुकली, दगड चुकला, ओहोळाच्या काठावर चाक वळलं आणि ती गवतात जाऊन पडली. अंग चाचपलं. सगळं जागेवर होतं.

रुक्मिणी पहिली आली, हंसाबेन दुसऱ्या, लता तिसरी. विकीने गळ्यात पदकं घातली. फोटोत तेजल सासूला मिठी मारून रडत होती आणि हंसाबेन तिला पाणी पाजत होत्या.

राजाराम जवळ आला. लताच्या केसांतलं गवत काढत म्हणाला, "तिसरी म्हणजे शेवटचीच ना?"

"शेवटचीच."

"मग पदक कसलं?"

"मी पोचले नसते तर त्या दोघींनापण मिळालं नसतं."

त्याने ते पदक उलटसुलट करून पाहिलं आणि तिच्या हातात परत दिलं. "पुढच्या वेळी मला आधी सांग. मी त्या उताराखाली उभा राहीन." प्रबुद्धने वडिलांकडे चमकून पाहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी तिघी हंसाबेनच्या गाडीच्या टपावर सायकली बांधून मुलुंडला गेल्या. तिथल्या टेकडीच्या पायथ्याला एक वाट आहे असं कोणीतरी सांगितलं होतं. सांगणाऱ्याला पुढचं माहीत नव्हतं. वाट पळसांच्या मधून वर जात होती, एका कातळाशी दुभंगत होती, आणि एक फाटा दाट झुडपांत शिरत होता. झुडपाच्या आतून कुठूनतरी कोंबडा आरवत होता.

"इथे कोण राहतं?" लताने विचारलं.

"माका काय ठाऊक," रुक्मिणी म्हणाली.

लताने हेल्मेटचा पट्टा आवळला आणि त्या फाट्याकडे चाक वळवलं.